नात्सुमे घ्यायची तर यामानाकाची की वाजिमाची?
जपानी चहा-समारंभात माच्चाची, म्हणजे हिरव्या चहाची, पूड ठेवायची लाकडी डबी म्हणजे नात्सुमे. शब्दाचा अर्थ बोर, आकारही तसाच. जपानच्या एकट्या इशिकावा प्रांतात तिची दोन नामवंत घराणी: यामानाका आणि वाजिमा.

यामानाकाचं बळ कातकामात. झाड वाढतं त्याच दिशेने उभं लाकूड धरून कातल्यामुळे ते कमी वाकतं, झाकण अलगद आणि नेमकं बसतं. कातारी आपली हत्यारं स्वतःच घडवतो, फिरत्या लाकडावर केसाएवढ्या रेघा ओढतो.

वाजिमात मान लेपाला. नाजूक कडांवर मजबुतीसाठी कापड, त्यावर भाजलेल्या मातीची पूड मिसळलेल्या उरुशीचे थर. (उरुशी म्हणजे झाडाचा चीक, आपली किड्याची लाख नव्हे.)

रोजच्या सूपच्या वाडग्यासाठी मी वाजिमा निवडेन. नात्सुमेत मात्र सगळी मदार झाकणावर, म्हणून ती यामानाकाचीच.