सायमोक्झॅनिल + मँकोझेब ही बुरशीनाशक पावडर, बटाट्याच्या करप्यावर वापरून बघितली

आमचं शेत सातगाव पठारावर, खरिपाचा बटाटा, वाण पुखराज. ऑगस्टात चार दिवस ऊन नाही नुसती भुरभुर आणि सकाळी धुकं, तेव्हाच मनात धाकधूक होती. पाचव्या दिवशी पान उलटं करून बघितलं तर काळपट डागाच्या कडेला पांढरी बुरशी, म्हणजे उशिरा येणारा करपाच, लवकर येणाऱ्या करप्यात डागात गोल गोल रिंगा दिसतात तशा नव्हत्या.

आधी एका दुकानात गेलो तर त्यानं टॉनिक माथी मारलं, दोन दिवस फुकट गेले ओ, आणि करप्यात दोन दिवस म्हणजे खूप झाले. मग दुसरीकडून हे ८ टक्के सायमोक्झॅनिल ६४ टक्के मँकोझेबवालं घेतलं. लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ४५ ग्रॅम. मँकोझेब पानावर वरच राहतं, सायमोक्झॅनिल पानात शिरतं म्हणून नुकत्याच लागलेल्या रोगावर पण चालतं. पानाच्या खालून भिजेल असं मारलं, आठवड्यात नवीन डाग थांबले. जळालेली पानं काही परत हिरवी होत नाहीत, ती आशा धरू नका.

पावडर नोझलमध्ये अडकते, आधी बादलीत कालवून गाळून घ्या. सारखं सारखं हेच मारू नका, औषध बदलत राहा. पाचपैकी चार स्टार, पुढच्या वर्षी ढग दिसले की नुसतं मँकोझेब आधीच मारणार.