मिठाच्या टँकमधले दगड कशानं जोडायचे: जेल, पुटी की सिमेंट?

कराड-पाटणकडच्या माणसानं मिठाच्या टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, दगड नुसते एकावर एक रचून भागत नाही. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर इकडे हलके धक्के येत राहिलेत. आणि धक्क्याचं कशाला, काचेवरचं शेवाळ खरवडताना कोपर लागतोच. माझी दगडांची कमान तशीच कोसळली. काच वाचली हे नशीब.

सुपरग्लू घ्यायचा तर जेल घ्या. फेविक्विकसारखा पातळ गोंद सच्छिद्र दगड पिऊन टाकतो. जेल ओलाव्यानंच आवळतो, म्हणून पाण्यातही चालतो. प्रवाळाचा तुकडा बसवायला तर याच्यासारखं काही नाही. पण वाळला की ठिसूळ. बाजूनं ठोकर बसली की टचकन सुटतो. पातळ गोंदाचा उपयोग वेगळाच: कोरड्या दगडांच्या फटीत अ‍ॅरागोनाइट वाळू (शिंपल्यांसारखी चुनखडीची) भरून वरून तो सोडला, की क्षणात कडक गठ्ठा होतो. त्या वेळी चटका बसेल एवढी उष्णता आणि डोळे झोंबवणारी वाफ निघते, तेव्हा हे काम गच्चीवर.

एपॉक्सी पुटी कणकेसारखी मळून लावतात. ती चिकटते असं वाटतं, पण ओला दगड तिला फारसा धरत नाही. ती खाचाखोचांत अडकून बसते. म्हणून पुटीच्या दोन्ही बाजूंना जेल लावायचा. चालू टँकमध्ये लावली तर स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) एकदोन दिवस फेस ओकतो. नळाच्या गळतीची पुटी स्वस्त मिळते, पण ती प्रवाळांचा विचार करून बनवलेली नसते.

खरी ताकद सिमेंटची. एक भाग पांढरं सिमेंट (त्यात लोह कमी), दोन-तीन भाग अ‍ॅरागोनाइट वाळू. आपल्या उन्हात ते पटकन सुकून भेगाळतं. गवंडी स्लॅबवर मारतो तसं पाणी मारा, ओलं गोणपाट टाका. मग जोडलेल्या दगडांचा सांगाडा पाण्याच्या टबात. ताज्या सिमेंटचा चुना पीएच १२ च्या वर नेतो, आणि टँकला हवा ८.१ ते ८.४. पाणी बदलत राहायचं, तीन-चार आठवडे धरून चाला. इथंच बहुतेकांचा धीर सुटतो.

कमान किंवा पुढे झुकलेला दगड असेल तर आधी ड्रिलनं भोक पाडून अ‍ॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचा रॉड घाला. वजन रॉड पेलतो, सिमेंट फक्त दगड फिरू देत नाही. स्टीलचा रॉड नको, खाऱ्या पाण्यात तोही गंजतो.

टँक अजून रिकामा असेल तर माझं मत रॉड आणि सिमेंटला. मासे आत असतील तर जेल आणि पुटी, तेही लहान दगडांपुरतं. दगड मात्र कोरडे, मानवनिर्मित घ्या. कोकणात गेलात म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

सांगाडा तयार झाला की एका टोकाला धरून उचलून बघा. करकर वाजली तर तो सांधा पुन्हा. आणि टँकमध्ये तो थेट तळाच्या काचेवर टेकवा, वाळू नंतर ओता. गोबी मासा वाळू उकरायला लागला की वाळूवर बसवलेला पक्का सांगाडाही कलंडतो.