सीझरच्या टाक्यांवरची वॉटरप्रूफ पट्टी: घ्यावी का?

सीझरनंतर टाक्यांवर गॉज आणि चिकटपट्टीऐवजी वॉटरप्रूफ पट्टी लावायची का, असं आता बऱ्याच ठिकाणी विचारतात. 'ऑपसाइट पोस्ट-ऑप' हा त्यातला माहितीचा ब्रँड. वर पातळ पारदर्शक फिल्म, मध्ये ओल शोषणारं पॅड. अंघोळीची सोय होते, टाक्यांना कपडा घासत नाही. तेवढ्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही.

माप मात्र नीट बघून घ्या. पाकिटावर लिहिलेलं माप अख्ख्या पट्टीचं असतं, पॅडचं नव्हे. टाके साधारण 12 ते 15 सेंमी लांब असतात आणि पॅड दोन्ही टोकांना सेंमी-दीड सेंमी पुढे जायला हवं. त्यामुळे 15.5 सेंमीची पट्टी अपुरी पडते. 20×10 किंवा 25×10 घ्यावी.

लावताना कातडी पूर्ण कोरडी हवी, स्पिरिट लावलं असेल तर ते उडून जाऊ द्यावं. पट्टी मधून कडेकडे नुसती टेकवत न्यायची, ताणायची नाही. ताणून लावली तर पोट सुजू लागल्यावर फिल्म कातडी ओढते आणि कडेला पाण्याचे फोड येतात. मग दोष ॲलर्जीला दिला जातो. काढतानाही वर उपटू नये. एक कोपरा सोडवून फिल्म कातडीला समांतर ताणली की ती आपोआप सुटते.

बाळंतिणीच्या अंघोळीआधी तेल लावतात, तिथे ही पट्टी हरते. तेल कडेखाली शिरलं की चिकटपणा जातो आणि पाणी आत साचतं. ओलं पॅड टाक्यांवर राहणं हे पट्टी नसण्यापेक्षा वाईट. पोट आवळून बांधलं तरी वरची कड गुंडाळली जाते.

आमचा खरा आक्षेप 'सात दिवस हात लावू नका' या सल्ल्यावर आहे. जखम बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास चिघळते, तेव्हा बाई घरी आलेली असते आणि पॅडखालचं काही दिसत नाही. उपचारांचे सल्ले ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेचा 2021 चा सल्ला साधं ड्रेसिंग 6 ते 24 तासांत काढण्याचा आहे. महागड्या पट्टीने जंतुसंसर्ग जास्त टळतो असं मानून ती वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. संसर्ग टाळायची खरी कामं आधीच झालेली असावी लागतात: छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात अँटिबायोटिक, केस काढायचेच तर वस्तऱ्याऐवजी क्लिपरने, कातडीवर अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणि ते सुकेपर्यंत थांबणं, चरबीचा थर 2 सेंमी किंवा जास्त असेल तर त्यालाही टाके. डॉक्टरांना विचारायचं ते हे.

पट्टी काढल्यावर रोज साध्या पाण्याने अंघोळ, स्वच्छ टॉवेलने टिपून कोरडं करणं, बस्स. हळद, पावडर काही नको. पोटाच्या घडीखालचं तिला स्वतःला दिसत नाही; कुणीतरी घडी हलकेच उचलून मोबाइलवर फोटो काढावा, रोज एकाच उजेडात. लाली पसरतेय, पू किंवा वास येतोय, टाके उसवलेत, ताप 100.4 फॅरनहाइटला पोचलाय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिल्या दोन दिवसांतच ताप, असह्य दुखणं आणि झपाट्याने वाढणारी लाली असेल तर सकाळचीही वाट बघू नका.