चौदा महिने, एक पावसाळा आणि आमचा फिनिशिंग मोवर

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला, आमच्या संस्थेचं साडेचार एकरांचं मैदान आहे. क्रिकेट, फुटबॉल, पहाटे चालायला येणारे, नवरात्रात गरबा, जानेवारीत पतंग. या सगळ्यांची गवताबद्दलची मतं मला ऐकून घ्यावी लागतात, कारण मैदान सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. नोव्हेंबर २०२४ पर्यंत आमच्याकडे खांद्याला अडकवायचे दोन ब्रशकटर होते. दोन माणसं, पाच दिवस. शेवटचा कोपरा संपेस्तोवर पहिला कोपरा परत डोकं वर काढायचा.

रोलर ओढायला आणि टँकर फिरवायला २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर होताच. त्याच्या मागे लावायचा पाच फुटी फिनिशिंग मोवर, म्हणजे गवत एकसारखं कापणारं यंत्र, घेतला. आज चौदा महिने झाले, तासांची वही १३५ वर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथं लिहिलेलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही यंत्राला लागू पडेल.

आधीच सांगते, गवत कापून हे यंत्र फारसं झिजलं नाही. ते झिजलं उभं राहून, भिजून, आणि थोडंफार माझ्या हातून धुतलं जाऊन.

गावाकडचा स्लॅशर तो हा नव्हे. स्लॅशर झुडपं, काटक्या, काहीही तोडतो आणि मागे ओबडधोबड सोडतो. याच्या डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या लोखंडी कवचाखाली, तीन पाती शेजारी शेजारी फिरतात, चार कोपऱ्यांना चार छोटी चाकं असतात आणि डेक त्या चाकांवर चालतो. ट्रॅक्टरचा पीटीओ (इंजिनाच्या जोरावर मागे फिरणारा दांडा) मधल्या गिअरबॉक्सला फिरवतो, गिअरबॉक्स एका लांब बेल्टला, बेल्ट तीन स्पिंडलना, म्हणजे पात्यांच्या उभ्या दांड्यांना. कागदावर एवढंच. साडेचार एकर आता तीन तासांत होतात.

पहिले दोन महिने मात्र मैदानावर पट्टे दिसत होते. दोन पात्यांच्या मधे उभी राहिलेली गवताची रेघ, थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं पाती बोथट. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, नवीन आहे, बसेल हळूहळू. (यंत्र "बसतं" म्हणजे नेमकं काय होतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) ट्रॅक्टर चालवणारे तात्या मूळचे खेडचे, आयुष्यभर रोटाव्हेटर चालवलेले, डिझेलची काटकसर हाडात मुरलेली. ते इंजिन १५०० आरपीएमवर (मिनिटाला १५०० फेरे) ठेवून गिअर वरचा टाकायचे. आमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ ५४० ला पोचतो तो इंजिन २४०० वर असताना. १५०० ला तो जेमतेम ३३७ भरतो. म्हणजे पात्याचा वेग जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी, आणि हे पातं गवत कापतं ते मुख्यतः वेगावर. आमची पाती २१ इंची आहेत. ती मिनिटाला ३००० फेरे घेतात तेव्हा त्यांचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळत असतं. शिवाय पात्याच्या मागच्या कडेला वर वळलेला पंख असतो. तो हवा वर खेचून आडवं झालेलं गवत उभं करतो. फेरे कमी झाले की तो पंखा बंद पडल्यासारखाच, गवत वाकतं आणि पातं वरून निघून जातं.

"तात्या, आवाज वाढवा आणि गाडी हळू घ्या," एवढंच सांगायचं होतं.

"ताई, डिझेल जाईल की उगाच."

"पट्टे राहिले तर परत फिरवावं लागतं. मग दुप्पट जाईल."

हिशोब पटला. आता थ्रॉटलच्या दांड्याशेजारी पांढऱ्या रंगाची खूण आहे. पीटीओ जोडताना मात्र इंजिन हळूच ठेवायचं आणि जोडल्यावर चढवायचं. फुल आवाजात एकदम जोडला तर बेल्ट किंचाळतो, आणि त्या प्रत्येक किंचाळीबरोबर बेल्टचं आयुष्य जातं.

दुसरी तक्रार क्रिकेटच्या कोचकडून आली. खेळपट्टीच्या बाजूला जागोजागी माती दिसत होती. "मैदानाला टक्कल पाडलंत," असं ते चार लोकांत म्हणाले. पाहिलं तर तात्या हायड्रॉलिक अर्ध्यावर धरून चालवत होते, जणू नांगर आहे. या मोवरला लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडायचे असतात, म्हणजे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर येतं. टॉप लिंकलाही (ट्रॅक्टर आणि मोवर जोडणाऱ्या वरच्या दांड्याला) थोडी ढिलाई हवी, नाहीतर ट्रॅक्टरचं पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की मागे डेक जमिनीत घुसतो. बाजूच्या साखळ्या मात्र ताठ, नाहीतर वळणावर डेक शेपटीसारखा हलतो. मग एका रविवारी पार्किंगच्या सिमेंटवर उभा करून पातं हाताने फिरवत टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. डावीकडे ४० मिलिमीटर, उजवीकडे ५२! दोष मोवरचा नव्हताच. ट्रॅक्टरच्या मागच्या एका टायरमध्ये हवा कमी होती आणि मोवरचं एक चाक एक वॉशर वर बसवलेलं होतं. आता दर महिन्याला मोजते. पुढची कड मागच्यापेक्षा ५-६ मिलिमीटर खाली ठेवते. दोन्ही सारख्या ठेवल्या तर पातं एकच गवत दोनदा मारतं आणि इंजिनावर भार येतो.

इथवरचं सगळं शिकण्यातलं. खरी गोष्ट पावसाळ्याची.

मुंबईत पाऊस यायची ठरलेली तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच आला. आमची पावसाआधीची देखभाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लिहून ठेवलेली, शेडवरचे पत्रे बदलायचे होते तेही तेव्हाच. मोवर बाहेर, ताडपत्रीखाली. आणि ताडपत्री म्हणजे संरक्षण असं मानणाऱ्यांत मी पण होते. ओल्या जमिनीवर ताडपत्री घट्ट बांधली की आत घाम धरतो. उघड्यावर पाऊस थांबल्यावर लोखंड निदान वाळतं तरी, खाली ते दिवसरात्र ओलं. त्यात आमच्याकडे खाडीची खारी हवा. तीन आठवड्यांनी ताडपत्री काढली, तर पीटीओ शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या गंजून एकजीव झालेल्या. शाफ्ट लांबी बदलायला तयार नाही आणि अशा शाफ्टनिशी डेक उचलला असता तर धक्का थेट गिअरबॉक्सला बसला असता. डिझेल ओतून, लाकडी हातोड्याने, दोन दिवसांत सुटला. ग्रीस सगळे शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) मारतात, आतल्या नळीला कुणी मारत नाही. आम्हीही नव्हतं मारलं.

गिअरबॉक्सचं झाकण उघडलं तर तेल दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं. ९० नंबरचं तेल असं दिसलं की समजायचं पाणी शिरलंय. वरच्या श्वासाच्या बुचाची (गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या) टोपी कुठेतरी गळून पडली होती आणि ताडपत्रीचं सगळं पाणी नेमकं त्या खळग्यात साचत होतं. तेल गरम असताना काढून टाकलं, नवीन भरलं, तासभर चालवून पुन्हा बदललं. टोपी तीस रुपयांची!

मग कापायला घेतलं. गवत घोट्याच्या वर गेलेलं, त्यात लव्हाळा आणि टाकळा. एरवी आम्ही ४० मिलिमीटरवर कापतो, तेच माप ठेवून तात्या आत शिरले आणि पन्नास फुटांवर इंजिन दमलं. ओलं, उंच गवत डेकखालून बाहेर पडेना, आत चिकटत गेलं. खाली वाकून पाहिलं तर दोन इंचांचा हिरवा लपका. डेकचा आतला आकार हवेच्या वाटेसाठी बनवलेला असतो, तो बुजला की उरतो फक्त खलबत्ता. तेव्हापासूनचा आमचा नियम असा: पावसाळ्यात चाकं सर्वात वर, एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही, आणि फार वाढलंच तर आज मैदान उभं कापायचं, दोन दिवसांनी आडवं. सकाळी दव असताना तर नाहीच. चालणाऱ्यांतले एक आजोबा म्हणतात, राहू दे की वाढलेलं, कांगा लीगसारखं वाटतं. १९४८ पासून भर पावसात खेळल्या जाणाऱ्या त्या स्पर्धेत चेंडू गवतात अडतो म्हणून फलंदाज उचलून मारतात, हे त्यांचं आवडतं पुराण. ऐकायला मजा येते, पण आमच्या फुटबॉलवाल्या पोरांना ते पटत नाही.

आता माझी चूक. तो लपका काढायला मी समोरच्या गाड्या धुणाऱ्याचा प्रेशरवाला पाइप मागून आणला. डेक खालून चकाचक झाला. मी फोटोही काढला. दर कापणीनंतर हेच करत राहिले, आणि ऑगस्टअखेरीस उजवीकडून घरघर सुरू झाली. आमच्या स्पिंडलला ग्रीसचं निपल नाही, आत दोन्ही बाजूंनी सील असलेली ६२०५ नंबरची बेअरिंगं. सील धूळ अडवतं, उडालेलं पाणी अडवतं. जवळून मारलेली प्रेशरची धार नाही अडवत. पाणी आत ढकललं जातं, ग्रीस बाहेर येतं, आणि आठ दिवस उभं राहिलं की गोळ्यांवर गंज.

कुठलं बेअरिंग गेलंय हे शोधायला बेल्ट उतरवून तिन्ही स्पिंडल हाताने फिरवायचे. चांगला मऊ फिरतो आणि थांबतो, गेलेला वाळूत फिरल्यासारखा वाटतो. मग पात्याची दोन्ही टोकं धरून वरखाली हलवायची, थोडीही खडखड नको. हे करताना पीटीओ सुटलेला, किल्ली स्वतःच्या खिशात आणि डेकखाली लाकडाचे ठोकळे हवेत. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. तात्यांनाही नाही, त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव असला तरी.

कंपनीला फोन केला तर "पूर्ण स्पिंडल असेंब्ली घ्या, तीन आठवडे लागतील." तीन आठवड्यांत इथं गवत गुडघ्याला येतं. जुनं बेअरिंग खिशात टाकून लोकलने मस्जिदला उतरले, नागदेवी स्ट्रीटच्या सुट्या भागांच्या बाजारात अर्ध्या तासात सहाच्या सहा मिळाली. तिथं नमुना दाखवा किंवा नंबर सांगा, फार बोलायची गरज नाही. बी सेक्शनचा (हे बेल्टच्या रुंदी-जाडीचं माप) एक जास्तीचा बेल्टही घेतला, त्यावरचा आकडा आतली लांबी इंचांत सांगतो, तो जुन्याशी ताडून. ट्रॅक्टरचा मेकॅनिक मुंबईत शोधणं म्हणजे समुद्रात विहीर शोधणं, म्हणून बेअरिंगं भांडुपच्या एका लेथवाल्याकडून दाबून घेतली. सगळं मिळून सात हजारांच्या आत. कंपनीच्या तीन असेंब्लींचा भाव यापेक्षा कितीतरी वर होता.

आता धुणं बंद. कापणी झाली की लगेच, गवत ओलं असतानाच, लाकडी पट्टीने खरवडतो, वाळल्यावर ते सिमेंट होतं. अगदीच पाणी लागलं तर साध्या पाइपने, स्पिंडल सोडून, आणि नंतर दोन मिनिटं रिकामा चालवून वाळवतो. वरची बेल्टची झाकणं काढून ब्रशने कचरा झाडतो. उभा ठेवायचा तर शेडमध्ये, विटांवर, आयडलरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाची, स्प्रिंग सोडून, म्हणजे बेल्ट एकाच जागी वाकून राहत नाही.

नवरात्र संपल्यावर मंडपवाल्यांचे खिळे. पहिल्या फेरीत टण्ण झालं, पात्याला नखाएवढा खड्डा. आता मंडप उतरला की दोरीला बांधलेला मोठा लोहचुंबक तात्या आधी सगळीकडे ओढतात, मागच्या वेळी डबाभर निघाले. पात्याला धार लावताना कारखान्याचा कोन तसाच ठेवायचा आणि ग्राइंडर टेकवत-उचलत चालवायचा. पोलाद निळं पडलं की त्या जागेचा कणखरपणा गेला. वस्तऱ्यासारखी धारही नको, ती पहिल्याच खड्याला मुडपते. मग भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून टांगून बघायचं, जी बाजू खाली झुकेल तिची थोडी घासायची. वजन सारखं नसलं की थरथर, आणि थरथर म्हणजे पुन्हा बेअरिंग. एकदा तात्यांच्या भाच्याने पंख खाली करून पातं बसवलं होतं. अर्धा तास आम्ही इंजिनात दोष शोधत होतो.

घ्यावा का? दोन एकरांच्या आत असेल तर नको, झाडं आणि फुलझाडांचे वाफे जास्त असतील तर त्याहून नको, वळताना जीव जातो. उघडं, सपाट मैदान, पक्कं छप्पर आणि रोज दहा मिनिटं वाकायला तयार असलेला माणूस असेल तर डोळे मिटून घ्या. छप्पर आधी. माझी कंपनीवर खरी नाराजी एवढीच की माहितीपुस्तकात साठवणुकीवर चार ओळी आहेत आणि त्या चारही कोरड्या हवेच्या देशासाठी लिहिल्यासारख्या आहेत.

संक्रांत नुकतीच झाली. काल कापताना डावीकडून बारीक शिट्टी यायला लागली म्हणून पातं काढलं, तर स्पिंडलभोवती नायलॉनचा मांजा, गरम होऊन वितळलेला, सीलच्या ओठात रुतलेला. बंदी आहे म्हणे त्याच्यावर. चिमट्याने तासभर काढत बसले. सील एका जागी कापलंय. ६२०५ ची दोन बेअरिंगं घेऊन शनिवारी भांडुपला जायचंय.