जुना लॅपटॉप दुसरी स्क्रीन म्हणून: 7 महिन्यांचा अनुभव, आणि ते एचडीएमआयचे 350 रुपये

परवा लाइट गेली, डावीकडची स्क्रीन फटकन काळी झाली आणि तिच्यावर उघडलेली सगळी बिलं उजवीकडे टॅलीच्या डोक्यावर येऊन पडली. जुन्याची बॅटरी केव्हाच मेलीये, नुसत्या चार्जरवर चालतो. म्हटलं आता लिहूनच टाकू.

जुना म्हणजे 2014 चा, 15.6 इंची, 1366 बाय 768 वाला. माझं काम अकाउंटचं, एकीकडे स्कॅन केलेली बिलं बघायची, दुसरीकडे एंट्री मारायची. बरा मॉनिटर 7-8 हजारांच्या खाली मिळत नव्हता आणि घरात धडधाकट स्क्रीन पडून असताना तेवढे घालवायला जीव होईना.

तर आधी एचडीएमआय केबल, टीव्हीला लावतात ती. दुकानात स्पष्ट सांगितलं होतं की दोन लॅपटॉप एकमेकांना जोडायचेत, तो म्हणाला लावा बिनधास्त, आणि 350 घेतले. घरी लावली तर काहीच नाही, दोन तास सेटिंग उलटीपालटी केली, ड्रायव्हर काढून परत टाकला. नंतर कळलं की लॅपटॉपचं एचडीएमआय सॉकेट, मोजके अपवाद सोडले तर, चित्र फक्त बाहेर सोडतं, आत घेतच नाही, म्हणजे दोन नळ एका पाइपने जोडल्यासारखं. केबल परत घ्यायला दुकानदार तयार नाही, पाकीट फोडलंय म्हणे. अहो पाकीट फोडल्याशिवाय केबल लावणार कशी? माहीत नव्हतं तर नाही म्हणायचं ना सरळ. अजून राग येतो.

मग फुकटचा मार्ग, विंडोज 10 मधलं 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी', म्हणजे एका लॅपटॉपचं चित्र वायरशिवाय दुसऱ्यावर दाखवायची सोय. जुन्यावर वायरलेस डिस्प्ले वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, नव्या लॅपटॉपवर विंडोज आणि के दाबलं की जुना दिसतो. जोडला गेला, पण माउस हलवला की बाण मागून रांगत यायचा आणि मधेच कनेक्शन तुटायचं. मग स्पेसडेस्क टाकलं, दुसऱ्या मशीनला जास्तीची स्क्रीन बनवणारं सॉफ्टवेअर (नव्यावर ड्रायव्हर, जुन्यावर व्ह्यूअर), वायफायवर तिथेही तीच रड. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, नादी लागू नका.

मत बदललं ते लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या वायरमुळे. नव्याला लॅन पोर्ट नाही म्हणून यूएसबीचा अडॅप्टर घेतला आणि वायर थेट या लॅपटॉपमधून त्या लॅपटॉपमध्ये, मध्ये राउटर नाही. दोघं आपापले 169.254 ने सुरू होणारे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) घेतात. तरी जोडेना, कारण अशा नेटवर्कला विंडोज पब्लिक, म्हणजे परकं, समजतं आणि त्याची फायरवॉल (बाहेरून येणारं कनेक्शन अडवणारी सोय) अडवते. नव्यावर स्पेसडेस्कला पब्लिकची परवानगी दिली आणि बाण एकदम हाताबरोबर पळायला लागला! खरंच सांगतो, त्या दिवशी मी उगाच दहा मिनिटं एक बिल इकडून तिकडे ओढत बसलो होतो.

बारीक आकडे आधी पुसट दिसायचे, व्ह्यूअरमध्ये क्वालिटी वाढवल्यावर जीएसटी नंबर नीट वाचता येतो. व्हिडिओ मात्र अडखळतो. जुन्याला कोणी हात लावत नाही म्हणून तो झोपायचा, तेव्हा पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून जुन्याचं वायफाय कायमचं बंद ठेवलंय, वायरवर त्याचं काही अडत नाही.

उरला त्रास एकच, कीबोर्ड पुढे आल्यामुळे स्क्रीन लांब जाते आणि खाली राहते, मान दुखते. सध्या खाली दोन जाड फायली ठेवल्यात. मार्चएन्डपर्यंत मॉनिटर घेत नाही. आणि एचडीएमआय केबल कोरी आहे, ओळखीत कोणाला टीव्हीसाठी हवी असेल तर 200 ला देईन.