कांकू दाई: दिवाळीपासून मृगापर्यंतचा अनुभव

कराटेत ब्राऊन बेल्टवर आहात आणि पुढची काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) कांकू दाई घ्यावी का, असा प्रश्न पडलाय? मग वाचा. मी परभणीचा, कराटेची शोतोकान शैली करतो. दिवाळीनंतर ही काता सुरू केली, आता मृग लागलाय.

हालचाली ६५. बासाई दाई ही काता ४२ ची आणि सुरुवातीची हियान शोदान २१ ची, म्हणून आकडा ऐकून छाती दडपते. पण हियान नावाच्या पाचही पायाभूत काता पक्क्या असतील तर पाठांतराला फार दिवस लागत नाहीत. इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळकरी पोरांसाठी हियान बसवल्या (तेव्हा त्यांना पिनान म्हणत), त्यातला बराच भाग कांकूच्या जुन्या रूपातून, म्हणजे कुशांकूतून, घेतला असं मानतात.

खरी गोची इथंच आहे. पहिली किआई (आरोळी) १५ व्या हालचालीवर, तीन शुतो उके (उघड्या तळहाताच्या कडेनं अडवणं) आणि मग नुकिते (बोटांच्या टोकांचा वार). हे जसंच्या तसं हियान निदानमध्ये, म्हणजे दुसऱ्या हियानमध्ये आहे. पुढे एक हात कपाळाशी, दुसऱ्याचा शुतो (तळहाताच्या कडेचा वार) मानेवर, मग माए गेरी (समोरची किक). हे चौथ्या हियानसारखं, म्हणजे हियान योंदानसारखं. योंदानमध्ये किकनंतर पुढं उडी घेऊन उराकेन (मुठीच्या मागच्या बाजूचा फटका) येतो, कांकूत मात्र लगेच मागं वळायचं असतं. दम लागला की रात्री रानात चकवा लागावा तसं होतं, रस्ता ओळखीचा आणि निघतो भलत्याच गावी. आमच्या सरांनी यावर पूर्ण काता करायलाच बंदी घातली. रोज फक्त हे सांधे, म्हणजे जिथं दोन काता एकमेकींत मिसळतात त्या जागा, तेही कधी खिडकीकडे तोंड करून तर कधी भिंतीकडे. कंटाळवाणं आहे, पण उपाय लागू पडतो.

शरीराला काय लागतं? कोकुत्सु दाची या पवित्र्यात साधारण ७० टक्के वजन मागच्या पायावर, आणि ही दाची सतत येते, त्यामुळे मांड्या भरून येतात. एका जागी गुडघा उचलून वळायचं आणि एकदम खाली बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे. आमचा क्लास मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरतो, तिथं शहाबादी फरशी; लग्नसराईत हॉल मिळत नाही, मग गच्ची. मे महिन्यात गच्चीवर साडेपाचला सुरू करून सातच्या आत आवरलं नाही तर तळवे टेकवायचं नावच काढू नका! शेवटची दुहेरी उडी-किक तर गुडघे दुखत असतील तर मॅटशिवाय करूच नये. जाड कापडाचा ड्रेस आवाज झकास देतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात सरावाला पातळच बरा.

यूट्यूबबद्दल एक. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या सांद्रा सांचेझनं सुवर्ण जिंकलं ती चातान्यारा कुशांकू. कूळ एकच, पण काता वेगळी. बघा, पारायणं करा, हात मात्र तिथून उचलू नका. ग्रेडिंगला परीक्षक तिथल्या तिथं थांबवतात.

बुंकाई (कातातल्या हालचालींचा लढाईतला अर्थ) क्लासमध्ये फारच थोडी शिकवली जाते, आणि तिच्याशिवाय मधला भाग नुसता नाच वाटतो. जोडीदार धरून सरांकडून ती मागून घ्या. हियान योंदान अजून कच्ची असेल तर कांकू सहा महिने पुढं ढकला.