सूक्ष्मदर्शक, पालन की डीएनए? डबक्यातले सूक्ष्म कवचधारी ओळखताना काय निवडावं

पावसाळ्यात सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) एखाद्या डबक्यातून ५० मायक्रॉनची जाळी फिरवली, तर बाटलीत डॅफ्निया, मोइना, सायक्लॉप्स, ऑस्ट्रॅकॉड आणि नशीब असेल तर फेअरी श्रिम्प असे सगळे कवचधारी (क्रस्टेशियन) एकत्र येतात. यांची जात ठरवायचे तीन मार्ग आहेत: सूक्ष्मदर्शकाखाली अवयव पाहणं, प्राणी वाढवून प्रौढ झाल्यावर पाहणं, किंवा डीएनएचा एक तुकडा वाचणं. कोणता मार्ग बरा याचं उत्तर बहुतेक वेळा प्राण्याच्या वयात असतं. जाळीत आलेला जीव अवस्थेच्या कोणत्या पायरीवर आहे, ते आधी पाहा.

त्याहीआधी बाटलीत काय ओतायचं ते ठरवावं लागतं. ४ टक्के फॉर्मालिनमध्ये आकार छान टिकतो. लिटरला ४० ग्रॅम साखर घातली तर डॅफ्नियाचं कवच फुगत नाही आणि अंडी बाहेर सांडत नाहीत. पण फॉर्मालिनने डीएनएची वाट जवळपास बंद होते. ९५ टक्के इथेनॉलमध्ये डीएनए टिकतो, मात्र जीव ठिसूळ होतात आणि कवच उघडं पडतं. इथेनॉल नमुन्याच्या निदान नऊ पट हवं आणि २४ तासांनी बदलायला हवं. जीवांच्या अंगातलं पाणी त्याला पातळ करतं, आणि बहुतेक फसलेल्या पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेचं) मूळ इथेच सापडतं. नमुना पाण्यावरच दोन बाटल्यांत वाटून घ्या. पालन करायचं असेल तर तिसरी बाटली जिवंत, सावलीत आणि अर्धी रिकामी ठेवून न्या.

सूक्ष्मदर्शक कुठे पुरतो, कुठे फसतो

प्रौढ नर हाती असेल तर सूक्ष्मदर्शकासारखा स्वस्त आणि झटपट मार्ग नाही. कोपेपॉड हा सायक्लॉप्सचाच गट; त्यातल्या डायप्टोमिड कुळात नराचा पाचवा पाय जातीची सही असतो. त्याचा फक्त उजवा स्पर्शक वाकून पकडीसारखा झालेला असतो, तर सायक्लॉप्सच्या नराचे दोन्ही. मादीच्या अंड्यांची एक पिशवी दिसली तर डायप्टोमिड, दोन दिसल्या तर सायक्लॉप्स. नारूच्या काळात विहिरीच्या पाण्यात त्याचा वाहक सायक्लॉप्स आहे का एवढंच पाहायचं होतं, त्याला भिंग पुरत होतं. (२००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.) जातीपर्यंत जायचं असेल तर ग्लिसरीनच्या थेंबात दोन बारीक सुयांनी पाय सुटा करावा लागतो. हात बसायला काही आठवडे जातात.

फसगत पिलांपासून सुरू होते. कोपेपॉड अंड्यातून नॉप्लियस नावाची अळी म्हणून बाहेर येतो. नॉप्लियसच्या सहा अवस्था, मग कोपेपोडाइट या किशोर रूपाच्या पाच, आणि त्यानंतर प्रौढ. यातल्या नॉप्लियसवरून जात सांगता येत नाही. पाचवी कोपेपोडाइट तर जवळजवळ प्रौढच दिसते आणि नवशिक्या तिचा अर्धवट वाढलेला पाचवा पाय पाहून चक्क नवी जात लिहून बसतो. डॅफ्नियाची अडचण वेगळी आहे. पाण्यात मासे असतील तर डॅफ्निया लुम्होल्टझीचं डोक्यावरचं टोप आणि शेपटाचा काटा लांब वाढतो, नसतील तर आखूड राहतो. जात एकच, रूपं दोन. फेअरी श्रिम्पच्या कित्येक जातींत माद्या एकमेकींसारख्या असतात. निकाल नराच्या दुसऱ्या स्पर्शकावर लागतो. स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस ही सह्याद्रीतली जात २०१४ मध्येच वर्णन झाली, यावरून आपल्या सड्यांवर किती काम बाकी आहे ते कळावं.

वाढवून पाहणं

हा मार्ग दुर्लक्षित आहे, आणि आमच्या मते विनाकारण. डबकं सुकलं असलं तरी मातीत सुप्त अंडी असतात. तळाची वरची दोन सेंटिमीटर माती खरवडून सावलीत वाळवा, तिचे काही चमचे एक लिटर पावसाच्या पाण्यात घाला आणि उजेडात २५ अंशांच्या आसपास ठेवा. फेअरी श्रिम्प एक-दोन दिवसांत बाहेर पडतात आणि एक-दोन आठवड्यांत नर ओळखता येतो. नळाचं क्लोरिनयुक्त पाणी सगळं मारतं. तांब्याच्या भांड्यातलंही चालत नाही. खाद्य म्हणून यीस्ट चिमूटभरच घाला. पाणी दुधाळ झालं की समजा प्राणवायू संपत आला. पहिल्या भिजवणीत काहीच निघालं नाही तर माती पुन्हा वाळवून भिजवा, कारण सगळी अंडी एकाच पावसावर डाव लावत नाहीत.

मोइना आणि डॅफ्निया इथे सोपे. मादी नराशिवाय पिलं देते: मोइना उबदार पाण्यात तीन-चार दिवसांत, डॅफ्निया आठवड्याभरात. एकच मादी वेगळी ठेवली की तिची सगळी लेकरं जनुकीय नकला असतात. डीएनए पाठवण्यासाठी याहून चांगला नमुना नाही.

डीएनए

वाढवणं शक्य नसेल तर नॉप्लियस, तुटका पाय, नुसती मादी किंवा सुप्त अंडं, यांना बहुधा दुसरा उपाय नाही. तंतुकणिकेतल्या (मायटोकॉन्ड्रियातल्या) सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. डीएनए काढायला विकतच्या किटची गरज नाही. एक जीव २५ मायक्रोलिटर ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, थंड करा आणि एक दशांश आकारमान १ मोलर ट्रिस (पीएच ८) घाला. कवच बहुधा शाबूत राहतं, ते इथेनॉलमध्ये जपा. त्याआधी फोटो काढाच. जिवंत जीव असेल तर काही तास गाळलेल्या पाण्यात ठेवून आतडं रिकामं होऊ द्या, नाहीतर शैवाल किंवा अंगावर चिकटलेले व्हॉर्टिसेला (एकपेशीय जीव) वाचून येतात.

नेहमीचे १९९४ चे फोल्मर प्रायमर (वाचायचा तुकडा पकडणारे छोटे डीएनए धागे) या गटात बऱ्याचदा दगा देतात. सूक्ष्म कवचधारींसाठी २०१३ मध्ये आलेले झीप्लँक प्रायमर आधी वापरून पाहा. आलेला क्रम अपृष्ठवंशीय तंतुकणिकेच्या सांकेतिक तक्त्याने प्रथिनात भाषांतरित करा. मधेच थांबा-संकेत आला तर ती केंद्रकात शिरलेली खोटी प्रत समजून फेकून द्या.

क्रम हाती आला म्हणजे नाव मिळालं असं नाही. भारतीय जातींचे खात्रीचे संदर्भक्रम विरळ आहेत, आणि ‘८६ टक्के जुळतो’ हे उत्तर म्हणजे ओळख नव्हे. ‘तीन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी जात’ ही सीमाही डोळे मिटून लावू नका; एकसारख्या दिसणाऱ्या कोपेपॉडांत दहा टक्क्यांहून जास्त फरक सापडतो. संकर तर या तुकड्यात दिसतच नाही, कारण हा तुकडा फक्त आईकडून येतो. युरोपातल्या तळ्यांत डॅफ्निया गॅलिएटा आणि डॅफ्निया लाँगिस्पायनाचे संकर सर्रास आढळतात. सीओआय त्यांना बिनदिक्कत एका जातीत टाकतो. तिथे केंद्रकातली खूणही वाचावी लागते.

मग निवड कशी करायची

तळ्याचं दर महिन्याचं सर्वेक्षण असेल तर सूक्ष्मदर्शक घ्या आणि पिलं ‘नॉप्लियस’ म्हणून फक्त मोजा. त्यांना जातीत कोंबू नका. सड्यावरच्या फेअरी श्रिम्पची यादी करायची असेल तर माती आणा, नर वाढवा आणि प्रत्येक डबक्यातल्या एका नराचा पाय डीएनएसाठी राखा. मत्स्यबीज केंद्रात खाद्यासाठीच्या मोइनाचं बियाणं शुद्ध आहे का एवढंच हवं असेल तर सुप्त अंडी ज्यात असतात ते जाड आवरण (एफिपियम) उघडून पाहा: मोइना मायक्रुरामध्ये एक अंडं, मॅक्रोकोपामध्ये दोन. यासाठी पीसीआरला पैसे घालवू नका. आणि कुणी जुन्या फॉर्मालिनच्या बाटल्या ‘डीएनए काढून द्या’ म्हणून आणल्या, तर त्याच डबक्याकडे परत जाऊन माती आणणं जास्त स्वस्त पडतं.